२७ पैकी १७ : एका यंत्रमाग मालकाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वय, पेठ आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र त्यांच्याच परवानगीने जशीच्या तशी ठेवली आहेत. या प्रकरणात खरा पुरावा तोच आहे.

कामगार त्यांना 'मालक' म्हणत, म्हणून मीही इथे तेच नाव वापरते. वय ४८. सोलापूरच्या पूर्व भागात आठ जेकॉर्ड (नक्षी विणणाऱ्या) मागांचा चादरीचा कारखाना होता, आता नाही. छातीत जळजळ, भूक नाही, वजन उतरलेलं, पहाटे तीनला जाग. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, विशेष काही सापडलं नाही, म्हणून चिठ्ठी देऊन त्यांना मनोविकार विभागात पाठवलं. तिथे मी समुपदेशक म्हणून बसते. सोबत बायको होती. काय त्रास होतो, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "मला काही झालेलं नाही मॅडम. झालंय ते धंद्याला. पण धंद्याला ओपीडीत आणता येत नाही, म्हणून मी आलो."

बाकड्यावर बसलेली दोन अनोळखी माणसं हसली. बायको हसली नाही. त्या दिवशीच्या नोंदीत मी सगळ्यात आधी हेच लिहिलं.

पेठेत हा माणूस हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध. चहाच्या टपरीवर ते दिसले की "आलं बे आमचं चॅनल" म्हणून खुर्ची पुढे सरकायची. लग्नात, बारशात, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा लोक त्यांच्याभोवती कोंडाळं करायचे. असा माणूस आतून खचलाय हे कुणाला पटावं? बायकोने दिराला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "वहिनी, कालच मला अर्धा तास हसवलंय त्यानं." आमच्याकडे येणाऱ्यांत रडणाऱ्या माणसाला घरचे लवकर आणतात. हसवणाऱ्याला उशिरा आणतात, किंवा आणतच नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. तिलाच पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि विसावं शतक सरता सरता एकेक करून बंद पडल्या. मालकांचे वडील अशाच एका गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी दोन जुने माग घेतले. मुलाने दोनाचे आठ केले. धंदा बरा चालला तो चादरीला मागणी होती तोवर. नंतर सुताचे भाव चढले, कृत्रिम धाग्याची मऊ मिंक ब्लँकेटं आली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हरियाणातल्या पानिपतच्या स्वस्त मालावर 'सोलापुरी' छापणारे थांबले नाहीत. यावर मालकांचं एक वाक्य बाजारात फिरायचं: "मराठ्यांचं पानिपत १७६१ ला झालं. सोलापूरचं अजून चालू आहे."

धंदा बसला म्हणून माणूस बसतोच असं नाही. त्यांच्याच गल्लीतले चार-पाच कारखानदार टॉवेलकडे वळले, एकाने मंगल कार्यालय काढलं. मालकांचं तसं झालं नाही, कारण बहिणीच्या नवऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. दाजींचे हप्ते थकले आणि पतसंस्थेच्या नोटिसा मालकांच्या दारात आल्या. एकरकमी तडजोड करून मोकळे व्हा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. मालकांचं उत्तर: "सही पेनानं केलीय, पेन्सिलीनं नाही." मग २०२० चा मार्च आला, माग थांबले, पुन्हा धडपणे सुरू झालेच नाहीत. २०२२ मध्ये आठही माग भंगारात गेले, किलोच्या भावाने. पतसंस्थेचं कर्ज त्यांनी शेवटच्या रुपयापर्यंत फेडलं. शोकांतिकेचा नायक दुष्टपणामुळे नाही, हातून झालेल्या एखाद्या चुकीमुळे पडावा, असं ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे. पेठेच्या मते मालकांची चूक म्हणजे ती सही. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

झोपेबद्दल विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा थोडं सरळ बोलले. घर आणि कारखाना एकाच पत्र्याखाली, मध्ये एक भिंत. वर्षानुवर्षं रात्रपाळीच्या खटखटीत झोपलेला माणूस. "माग बंद पडला की आपोआप जाग येते मॅडम. बीम संपला का, धागा तुटला का, बघायला उठतो. आता रोज तीनला उठतो आणि पलीकडं जाऊन बघतो, तर तिथं बायकोनं वाळवण घातलेलं असतं." पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे, पण त्या लक्षणाला प्रत्येक घरात वेगळं कारण मिळतं. आणि बाहेरच्याला हे कारण पुरेसं वाटतं, तिथे घोटाळा होतो. बायकोही वर्षभर 'आवाजाची सवय' म्हणूनच गप्प राहिली होती.

नैराश्य मोजायला आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो, पीएचक्यू-९. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७. दहापासून पुढे लक्ष घालायचं, वीसपासून पुढे तीव्र. मालकांचे १७ आले. आकडा सांगितला तर लगेच, "२७ पैकी १७ म्हणजे फर्स्ट क्लास की ओ. दहावीला एवढे नव्हते."

नववा प्रश्न मी मुद्दाम वेगळा सांगते आहे. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, सोलापुरात पाणी येतंय चार दिवसाआड. मेल्यावर आंघोळ घालायला पाणी तर पाहिजे. नळाचा दिवस बघून ठरवावं लागेल."

विनोद चांगला होता. सोलापूरकराला तर दुप्पट चांगला. इथे हसलं तर माणूस हातून सुटला म्हणून समजावं, आणि 'असं बोलू नये' म्हणून दटावलं तरी तो सुटलाच. मी एवढंच विचारलं, "मग नळाचा दिवस बघून ठेवलाय का?"

ते टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिले. मग "दोनदा" म्हणाले.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार येईल, अशी भीती घरच्यांना असते. ती खरी नाही. न विचारल्यामुळे माणूस एकटा पडतो. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं, औषध सुरू केलं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर गोळी सोडायची नाही, हे दोघांना बसवून सांगितलं. मालकांच्या संमतीने बायकोला सगळी कल्पना दिली. घरात काय उचलून ठेवायचं, रात्री कोण जागं राहणार, पहाटे तीनला ते उठले तर तिने काय करायचं, हे कागदावर लिहून दिलं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला. मराठीत, चोवीस तास आणि फुकट आहे म्हटल्यावर मालक म्हणाले, "सरकारी नंबर आणि उचलतात? मग एकदा बघायलाच पाहिजे." हा विनोद मी चालू दिला. या विनोदात पुढचा दिवस होता.

आता त्यांच्या तिरकसपणाविषयी. मानसशास्त्राच्या पुस्तकांत विनोदाची पत चांगली आहे. फ्रॉइडने १९२७ मध्ये विनोदावर एक निबंध लिहिला. फाशीला सोमवारी निघालेला कैदी 'आठवड्याची सुरुवात छान झाली' म्हणतो, हे त्यातलं उदाहरण प्रसिद्धच आहे. मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी विनोदाला मनाच्या परिपक्व बचावांत बसवलं. पण मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या काढल्या: माणसं जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला लागणारी आणि स्वतःलाच खाली पाडणारी. ही शेवटची तऱ्हा नैराश्याच्या आसपास आढळते. दिसायला ती पहिलीसारखीच असते, कारण दोन्हींत लोक हसतात. म्हणून कोण हसलं हे बघून उपयोग नाही. टोमणा कुणाला लागला ते बघायचं.

हे मला शिकवलं त्यांच्या बायकोने, पुस्तकाने नाही. ती म्हणाली, "आधी हे सगळ्यांना बोलायचे. मला, आईंना, कामगारांना, नगरसेवकाला, कुणालाच सोडायचे नाहीत. दोन-तीन वर्षं झाली, आता फक्त स्वतःलाच बोलतात." कधीपासून, असं विचारलं तर तिला तारीख सांगता येईना. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या सुमारास, म्हणजे २०२१ चा उन्हाळा.

हिशोब जुळत नव्हता. पतसंस्थेच्या नोटिसा त्याच्या आधीच्या, माग गेले ते नंतर. मधल्या उन्हाळ्यात काय झालं?

विचारलं की विनोद यायचा. मग मी वेगळ्या वाटेने गेले. मालकांच्या आईकडे पोथीवाचन असतं, त्यामुळे महाभारत मालकांना तोंडपाठ आहे. मी शल्याचा विषय काढला. पांडवांचा मामा, पण दुर्योधनाच्या पाहुणचाराला फसून कौरवांकडे गेलेला. युधिष्ठिराला त्याने शब्द दिलेला की कर्णाचा सारथी झालो तर त्याचा तेजोभंग करीन. आणि कर्णपर्वात तो तेच करतो. ऐन युद्धात, घोड्यांचे लगाम हातात धरून, कर्णाला उष्ट्यावर वाढलेल्या कावळ्याची गोष्ट सांगतो: हंसांशी पैज लावून समुद्रावर उडाला आणि बुडायला लागला तो कावळा. मी म्हटलं, तुमचा शल्य बाहेर कुणी नाही, तुमच्याच रथावर बसवलाय तुम्ही त्याला. मालक म्हणाले, "शल्य निदान रथ तरी चालवत होता."

हसू आलं, आणि कामही झालं, कारण पुढच्या भेटीत त्यांनी आपण होऊन तो धागा उचलला. "त्याला उतरवायचा कसा, ते सांगा." उतरवायचा नाही, असं मी सांगितलं. त्यांची ही जीभ एवढीच चीज उरली होती जी भंगारात गेली नव्हती. ती काढून घेतली असती तर समोर गप्प बसलेला आज्ञाधारक रुग्ण मिळाला असता आणि माहिती काहीच मिळाली नसती.

त्याऐवजी एक वही सुरू केली. विचारांची नोंद ठेवायची ही पद्धत बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी) जुनीच आहे, फक्त मालकांनी तिला खतावणीचं, म्हणजे धंद्याच्या हिशोबवहीचं रूप दिलं. लाल पुठ्ठ्याची लांब वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेच्या बाजूला त्या दिवशी केलेला टोमणा, नावेच्या बाजूला तेच सरळ बोललो असतो तर काय बोललो असतो, ते. पहिल्या पानांवर उजवी बाजू कोरीच होती. मग एक नोंद आली. जमा: 'मुलीनं फीचं विचारलं. म्हणालो, किडनीचा भाव काढून सांगतो.' नावे: 'फी भरायला जमेल का माहीत नाही. तिच्यासमोर भीती वाटते.' आणखी एक. जमा: 'टपरीवर म्हणालो, मी आता सल्लागार आहे, काय करू नये याचा.' नावे: 'लोकांनी अजून मालक म्हणावं असं वाटतं.'

मुलगी बारावीत, वडिलांना पप्पा म्हणणारी, हुशार. तिने किडनीच्या वाक्यावर वडिलांना काय उत्तर दिलं ते त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

औषधाने झोप सुधारली, भूक आली. सकाळी कंबर तलावाला फेरी सुरू झाली, आधी बायकोबरोबर, मग एकटे. एका मित्राच्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्तीला जाऊ लागले. रोजावर जायला लाज वाटते, हे त्यांनी नावेच्या बाजूला लिहिलं आणि तरीही गेले. याच काळात वहीत ती नोंद आली. त्या पानावर तारीख जुनी घातलेली होती, एप्रिल २०२१, आणि जमेच्या बाजूला एकच ओळ.

त्यांच्याकडे बावीस वर्षं काम केलेला एक विणकर होता. तेलुगू बोलणारा, वयाने मोठा, सगळे त्याला मामा म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये पगार थांबले. त्या एप्रिलमध्ये मामा दारात आला आणि उचल मागू लागला. पाच हजार. मालकांच्या खिशात पाचशेसुद्धा नव्हते, आणि 'माझ्याकडे नाहीत' हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. ते म्हणाले, "मामा, कसली उचल मागतोस? मलाच उचलायला चार माणसं शोधतोय मी."

मामा हसला. "तुमचं आपलं काहीतरीच मालक" म्हणाला आणि गेला. तीन आठवड्यांनी कोरोनाने वारला. अंत्यविधीला कुणाला जाऊ दिलं नाही. महापालिकेची माणसं आली, तीही चारच होती.

नावेची बाजू कोरी होती.

म्हणजे सही ही चूक नव्हतीच. ज्या जिभेने हा माणूस आयुष्यभर स्वतःला सावरत आला, त्याच जिभेवर त्याने एका माणसाचा मृत्यू लिहून ठेवला होता. तर्काने बघितलं तर पाच हजारांचा आणि त्या आजाराचा संबंध नाही, आणि हे त्यांनाही कळत होतं. पण त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या कुणाला टोमणा मारला नाही. धार तीच ठेवली, फक्त पातं स्वतःकडे फिरवलं. पेठ ज्याला करमणूक समजत होती ती शिक्षा चालू होती.

अशा वेळी 'तुमचा काही दोष नाही' म्हणणं सोपं असतं. मी म्हटलं नाही, कारण दोष थोडा होताच. नाही म्हणण्याची लाज झाकायला त्यांनी मागणाऱ्याला थट्टेवारी नेलं होतं. मी विचारलं, मामाच्या घरी कोण आहे? बायको आहे, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, विड्या वळते. गेलात का कधी? नाही.

जायची तयारी करायला बरेच दिवस लागले. काय बोलायचं ते त्यांनी वहीत चार वेळा लिहून खोडलं. विनोद करायचा नाही, अशी अट त्यांनीच घातली. गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता, थोडा वैतागलेला. त्यांनी सांगितलं ते असं. मामी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, हात थांबला नाही. यांनी उचलीचा प्रसंग सांगितला, माफी मागितली. मामींना तो प्रसंग माहीतच नव्हता आणि त्यात फारसा रसही नव्हता. त्या उठल्या, फळीवरून मुलाची जुनी शाळेची वही काढली आणि म्हणाल्या, "ते राहू द्या मालक. लॉकडाऊनच्या आधीचा तीन आठवड्यांचा पगार राहिलाय, ते बघा." वहीत मामाच्या हाताने तेलुगू अक्षरांत मांडलेला हिशोब होता. आकडा बरोबर होता. मालकांनाही आठवला.

"मॅडम, मी तिथं रडायला गेलो होतो. तिनं बिल दिलं."

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपचार मामींनी केला. मालक ज्याला पाप समजून छातीवर घेऊन बसले होते त्याला आकडा नव्हता, म्हणून ते फिटत नव्हतं. पगाराला आकडा होता. रोजाच्या पैशातून त्यांनी दर शनिवारी थोडे थोडे द्यायला सुरुवात केली. मामी प्रत्येक वेळी त्याच वहीत लिहून घेतात आणि सही मागतात. पेनानेच. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मालकांनीही पुन्हा विचारलं नाही. 'उचल'च्या पानावर नावेच्या बाजूला आता एक ओळ आहे: 'माझ्याकडे पैसे नव्हते, मामा.'

काही महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. आठ आले. नवव्या प्रश्नाला शून्य, या वेळी विनोदाशिवाय. एकूण आकडा ऐकून मात्र, "२७ पैकी ८? नापास झालो की." बाहेर बाकड्यावर बायको होती, तिला ऐकू गेलं आणि ती हसली. औषध मात्र बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही, आणखी काही महिने चालेल, आणि कमी करायचं तर डॉक्टरच करतील, यावरून त्यांची आमच्याशी अजून हुज्जत चालते. दाजींशी बोलणं नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला वाटतं पोटाचं औषध चालू आहे.

आणखी एक गोष्ट अर्धवट आहे. मागच्या भेटीला मुलगी सोबत आली होती. तुला पप्पांमध्ये काही फरक वाटतो का, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, "मला काय वाटणार? मी घरातली प्रेक्षक आहे. तिकीटसुद्धा काढलं नव्हतं." मालक मोठ्याने हसले, पोरीचं कौतुक वाटून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. पुढच्या आठवड्यात तिला एकटीला बोलावलं आहे.